धुराची हजेरी

धूरआप्पा बोलताना कधी समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत. त्यांची नजर तुमच्या डोक्यावरून पलीकडे जाऊन कुठेतरी उंचावर टेकलेली असे. त्यामुळे मिलमध्ये नवा आलेला माणूस हमखास वळून मागे बघायचा. मी पहिल्या दिवशी दोनदा वळलो, आणि तिसऱ्यांदा, कबुतरानं काही केलं की काय म्हणून, केसांवरून हात फिरवून पाहिला. मागे आमच्या मिलची चिमणी होती. आप्पा तिच्या तोंडाकडे बघत होते. "तू बोल," ते म्हणाले, "कान तुझ्याकडेच आहेत. डोळे ड्युटीवर आहेत."

ही गोष्ट नव्वदीच्या दशकातली, सुरतेजवळच्या सचिन गावची. तिथल्या औद्योगिक वसाहतीत साड्या रंगवायची आमची एक लहानशी मिल होती. आमची म्हणजे शेठची. लिंबायतच्या मागांवर विणलेलं कोरं कापड पुढच्या दारानं आत यायचं आणि गुलाबी-जांभळं होऊन बाहेर पडायचं. मधल्या सगळ्या उलाढालीला वाफ लागे, आणि वाफ मागच्या अंगाला असलेल्या कोळशाच्या बॉयलरमधून येई. तो बॉयलर आप्पांचा. रात्री तो राखेखाली निखारे दाबून झोपवायचा आणि सकाळी उठवायचा, तेही आप्पांनीच. ते तापीकाठचे, शिंदखेड्याकडचे. बॉयलर चालवायची सरकारी परीक्षा पास झालेला मिलमधला तो एकच माणूस. मी धुळ्याहून बीएस्सी होऊन आलेला, रंगाच्या छटा जुळवायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, एक तराजू, चार चंचुपात्रं आणि मी. पदवीची गुर्मी मात्र अख्ख्या विद्यापीठाएवढी. आप्पांनी पहिल्या आठवड्यातच मला 'बीएस्सी' हे नाव ठेवलं. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला आजतागायत वेगळं काढता आलेलं नाही.

बॉयलरची एक वही असते. वाफेचा दाब, पाण्याची पातळी, कोळसा घातल्याची वेळ, सगळं त्यात लिहायचं असा नियम. आप्पा ते लिहीत, आणि शिवाय समासात एक छोटा बाण काढत. धूर ज्या दिशेला चालला असेल त्या दिशेचा बाण. वारा मुळीच नसला आणि धूर काठीसारखा सरळ वर गेला, तर टिंब. "टिंबाचा दिवस म्हणजे वारा विचारात पडला," असं ते म्हणत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी वही उघडली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "आ तीर शेना छे?" हे बाण कशाचे? बाणांचाही दंड होतो की काय, असं शेठना वाटलं असावं. आप्पा चिमणीकडे बघत म्हणाले, "हाजरी छे, साहेब. धुमाडानी." धुराची हजेरी. साहेब हसले आणि सही करून गेले. शेठ पुढे दोन दिवस धुसफुसत होते. "मारा माणसोनी हाजरी पुराती नथी, ने तमे धुमाडानी पूरो छो!"

हे सगळं कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा आप्पांनी उलट मलाच विचारलं, "माझा धूर कुठे जातो, सांग बरं बीएस्सी."

"वर जातो."

"ते कोळशालाही माहीत आहे. वर जाऊन कुठे जातो?"

मी कणांविषयी, विरळ होण्याविषयी बरंच बोललो. दोन इंग्रजी शब्दही वापरले. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुला माहीत नाही," असं म्हणून ते उठले, भट्टीत कोळसा टाकून आले आणि पालथ्या डब्यावर पुन्हा बसले. "रोज गाडीभर कोळसा मी या हातांनी आभाळात पाठवतो. तो कुठे उतरतो हे मला ठाऊक नसावं, हे काही बरोबर नाही."

त्या एका प्रश्नापायी त्यांनी रद्दीतून शाळेचा एक नकाशासंग्रह आणला होता. जगातल्या वाऱ्यांचं पान फाडून बॉयलरच्या खोलीत भिंतीला चिकटवलं होतं. काजळीनं त्यातली आफ्रिका केव्हाच नाहीशी झाली होती आणि युरोप त्याच मार्गावर होता. हिंद महासागर तेवढा आप्पा रोज सकाळी फडक्यानं पुसत, म्हणून शाबूत होता.

वारा म्हणजे काय, हे त्यांनी मला भट्टीच्या जाळीखालच्या फटीपाशी सुताचा एक धागा धरून दाखवलं. धागा सपकन आत वळला. "कोण ओढतंय?" त्यांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाले, "कुणी नाही. आतली हवा तापली, हलकी झाली, चिमणीनं वर गेली. जागा झाली रिकामी. आणि रिकामी जागा शेजारच्या हवेला बघवत नाही. लिंबायतच्या खोलीसारखं. एक भाडेकरू निघाला, की दुसरा ट्रंक घेऊन दारात." पृथ्वीचंही तेच, ते म्हणत. मधोमध, विषुववृत्तावर, भट्टी. तिथली हवा तापून वर चढते, वरच्यावर उत्तर-दक्षिणेला पसरते, थंड होते, जड होते आणि तीस अंशांच्या आसपास खाली बसते. तिथून काही पुढे ध्रुवांकडे सरकते, उरलेली जमिनीलगत पुन्हा भट्टीकडे धावते. "वर गेलेलं कुठेतरी उतरतंच. राख सुमनबाईच्या घमेल्यात, हवा तीस अंशांवर."

सुमनबाई म्हणजे बॉयलरची राख वाहून नेणारी नवागामची बाई. अहिराणीशिवाय दुसरं काही बोलायची नाही. घमेलं डोक्यावर चढवताना म्हणायची, "तुम्ही वारान्या गोठी करा, राख मी उचलस."

हा धावता वारा सरळ का येत नाही, ते सांगताना आप्पांनी रंगाच्या डब्याचं गोल झाकण खिळ्यावर ठेवलं, डावीकडे हळूहळू फिरवायला लागले आणि माझ्या हातात खडू दिला. "मधून काठापर्यंत सरळ रेघ ओढ." मी ओढली. झाकण थांबलं तेव्हा रेघ उजवीकडे वाकलेली होती. "रेघ तू सरळच ओढली होतीस," आप्पा म्हणाले. "खालची जमीन फिरली." म्हणून आपल्या बाजूच्या अर्ध्या पृथ्वीवर वारा उजवीकडे वळतो, खालच्या अर्ध्यात डावीकडे. हे सगळं मी कॉलेजात सूत्रासकट पाठ केलं होतं आणि त्यावर मार्कही मिळवले होते. झाकणावर खडू फिरवेपर्यंत मला ते समजलेलं नव्हतं, हे मात्र मी आप्पांना सांगितलं नाही. "हो, तेच ते," असं म्हणालो, जणू झाकण माझ्याच वडिलांचं.

वहीतले बाण ओळीनं पाहिले की अख्ख्या वर्षाची चाल दिसे. दिवाळीपासून माघापर्यंत बाण समुद्राकडे. होळीच्या आसपास ते गोंधळत, चार दिवस चहूकडे तोंडं करून उभे राहत, आणि मग एकदम वळून पूर्वेकडे लागत ते थेट भाद्रपदापर्यंत. "भट्टी सरकली," आप्पा सांगत. "ऊन वर चढलं. राजस्थान, सिंध तापलं. आता ओढ तिकडची. समुद्रावरची हवा सुरतेच्या दारातून आत घुसणार."

सुरतेच्या पूर्वेला तापीच्या काठाकाठानं वर गेलं की आमचा खानदेश. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडचा मोठा सण. सासरच्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. आप्पांच्या दोन्ही मुली दर आखाजीला गावी येत, आणि बाप इकडे बॉयलरपाशी. कारण परवानेवाला दुसरा माणूस नाही, आणि लग्नसराईच्या साड्यांना आखाजी कळत नाही. त्या दिवशीचा बाण आप्पा जरा ठळक काढत. "मना धूर गावले जास," घरच्या बोलीत म्हणत, "मी ऱ्हास आठेच." माझा धूर गावाला जातो, मी राहतो इथेच. मी ताबडतोब गणित मांडलं. धूर पाच-सात कोसांत विरून जातो, शिंदखेड्याला त्यातला कणही पोचत नाही, असं सिद्ध करून दाखवलं. असली सिद्धता करायला माणूस शिकलेलाच लागतो. आप्पांनी ऐकून घेतलं. "न पोचू दे," ते म्हणाले. "निघतो तर खरा."

आता माझ्या अकलेची गोष्ट.

माझ्या मायला दमा होता. आम्ही दोघं लिंबायतला एका खोलीत राहायचो. खाली माग, वर माग, आणि हवेत धाग्यांची बारीक लव. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत न्या. मिलच्या पूर्वेला शेतजमिनीत एक सोसायटी पडत होती, तिथे प्लॉट मिळत होता. मायच्या पाटल्या मोडल्या तर जमण्यासारखं होतं. मी शास्त्राचा माणूस; नुसता प्लॉट बघून घेणाऱ्यातला नव्हे. मार्गशीर्षात ओळीनं आठ दिवस सकाळी ड्युटीच्या आधी त्या प्लॉटवर जाऊन उभा राहिलो. हातात रुमाल धरून वाऱ्याची दिशा टिपली. तिथल्या राखणदारानं पाचव्या दिवशी विचारलं, की इथून रेल्वे जाणार आहे का. आठही दिवस मिलचा धूर आमच्याकडे पाठ करून समुद्राकडे चालला होता. हवा अशी, की पिऊन घ्यावी.

आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "होळी जाऊ दे. वारा वळला की परत एकदा जाऊन उभा राहा. मग सही कर."

"आप्पा, हे ईशान्य व्यापारी वारे. नित्य वारे. पुस्तकात लिहिलंय, या पट्ट्यात बारा महिने वाहतात."

"पुस्तकातलं समुद्रावर खरं. आपल्याकडे जमीन मोठी. ती एकदा तापली की कुणाच्या नित्याला विचारत नाही." आणि त्यांनी वह्या काढल्या. अकरा वर्षांच्या. दर होळीला बाण वळलेले मी या डोळ्यांनी पाहिले. तरीही मी म्हणालो, आणि हे वाक्य आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात, "आप्पा, अंदाजानं काढलेले बाण वेगळे आणि शास्त्र वेगळं."

त्यांनी वही मिटली. "बरं," म्हणाले. "शिकलेला माणूस आहेस."

संक्रांत झाल्यावर सही केली. दोन खोल्या, वर पत्रा, पुढे अंगण. पाडव्याला आम्ही राहायला गेलो. मायला इतका आनंद, की तिनं दुसऱ्याच दिवशी ज्वारीची बिबडी घातली. बिबडी म्हणजे आमच्याकडचे पापड. उन्हात वाळवायचे, वर्षभर तळायचे. दुपारी जेवायला घरी आलो तर साडीवर पसरलेली बिबडी काळ्या ठिपक्यांनी भरलेली. मी कौतुकानं म्हणालो, "माय, यंदा तीळ घातलेस वाटतं?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. "तीळ नही ते, भाऊ. तुनी मिलना धूर शे."

वारा वळला होता. अंगणातून वर पाहिलं तर चिमणीतून निघालेला काळा पट्टा नेमका आमच्या पत्र्यावर येऊन टेकत होता; इतका नेमका, की रुमाल धरून शोधलं असतं तर अशी जागा सापडली नसती. आणि सापडली होती ती रुमाल धरूनच. आठ दिवसांत मायचा दमा असा उसळला की ती बसून झोपायला लागली. पाटल्या गेल्या होत्या, लिंबायतची खोली दुसऱ्याला गेली होती. परत जायला जागा नव्हती.

आप्पांपुढे जाऊन उभा राहिलो. ते टोचून बोलतील म्हणून मान आधीच खाली घातली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "घर कोणतं?" कोळशाच्या ढिगावर चढून मी हात केला. सगळे पत्रे एकसारखे. "ओळखू येईल असं काहीतरी बांध वर," ते म्हणाले. मी मायच्या जुन्या राणी रंगाच्या पातळाचा तुकडा बांबूला बांधून पत्र्यावर उभा केला. म्हाताऱ्याला आता माझ्या घरावर वाऱ्याची प्रयोगशाळा काढायची आहे, असं मनात म्हटलं. निघताना मी पुटपुटलो, "चुकलंच माझं, आप्पा."

"रेघ तू सरळच ओढलीस," असं म्हणून त्यांनी हवेत झाकण फिरवल्यासारखी बोटं फिरवली आणि बेलचा, म्हणजे कोळशाचं फावडं, उचलला.

मीही हात बांधून बसलो नाही. अंगणाच्या पश्चिमेला बांबू रोवून गोणपाटांची उंच भिंत उभारली. आणि काय सांगू, चारच दिवसांत काजळी थांबली! अगदी नाहीशी नाही, पण बोट फिरवून बघावी लागेल इतपत. चिमणीतून काळ्याऐवजी करडा, नंतर नंतर तर नुसती थरथर दिसावी असा धूर. मायचा श्वास खाली बसला. शेजारी विचारायला आले. मी वाऱ्याचा दाब, उचल, वळण असं सगळं समजावून सांगितलं. महिनाभरात आणखी सहा घरांनी पश्चिमेला गोणपाट ताणले. लांबून आमची सोसायटी धान्याच्या वखारीसारखी दिसायला लागली. मी हा सिद्धान्त खुद्द आप्पांनाही ऐकवला, कोळशाच्या तुकड्यानं जमिनीवर आकृती काढून. आप्पा मानेवरचा घाम पुसत होते. "असेल," म्हणाले, आणि माझी आकृती पुरी व्हायच्या आत उठून भट्टीकडे गेले.

त्या उन्हाळ्यापासून आप्पांशी गप्पा मारणं अवघड झालं. पूर्वी एकदा कोळसा भरला की वीस मिनिटं निवांत बसत. आता वाक्याच्या मध्येच उठत, दोन बेलचे टाकत, दार लावत, येऊन वाक्याचा उरलेला अर्धा भाग बोलत आणि पुन्हा उठत. विषुववृत्तावरच्या शांत पट्ट्याची गोष्ट, जिथे वारा पडतो आणि शिडाची जहाजं आठवडे-आठवडे अडकून राहत, ती त्यांनी मला अशी सोळा तुकड्यांत सांगितली. मी चेष्टा करायचो, "आप्पा, म्हातारपणी माणूस चंचल होतो म्हणतात ते खरं." ते हसत. प्रत्येक वेळी भट्टीचं दार उघडलं की आगीची झळ खोलीभर येई. चैत्र-वैशाखात तिथे पाच मिनिटं उभं राहवत नसे. त्यांच्या उजव्या मनगटाला चिंधी बांधलेली दिसायला लागली. सकाळी पहिल्या बसनं, वेळेच्या तासभर आधी येऊन ते बॉयलरच्या नळ्यांतली काजळी झाडत. का, तर म्हणे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो. मी मान डोलावली, मुद्दा रंजक आहे म्हणून.

पावसाळा सरून वारा पडला की ते डब्यावर बसून राहत. हात गुडघ्यांवर उताणे ठेवलेले, डोळे चिमणीकडे, आणि झोप लागलेली. एकदा विचारलं, "दमलात, आप्पा?"

"वारा दमत नाही, मी का दमू?" मग म्हणाले, "दमतो रे. तोही दमतो. आता बघ ना, हलत नाहीये."

असे चार उन्हाळे गेले. दर वर्षी माय बिबडीची पहिली चळत माझ्याबरोबर आप्पांना पाठवायची. ते एकेक बिबडी उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी तपासत. माणूस पापड बघून छान आहे म्हणतो. आप्पा म्हणत, "स्वच्छ आहेत." मला ते त्यांचं जरा विक्षिप्तच वाटायचं.

पाचव्या वर्षी चैत्रात त्यांचा उजवा खांदा वर जाईना. शेठनी नवा परवानेवाला शोधला आणि आप्पा गावी निघाले, कितीतरी वर्षांनी आखाजीच्या आधी. मी आणि सुमनबाई सुरत स्टेशनवर पोचवायला गेलो. पॅसेंजर लागलेली होती. आप्पा खिडकीशी बसले, पायाशी ट्रंक. आता तरी तोंडाकडे बघून बोलतील, असं मला वाटत होतं. ते माझ्या डोक्यावरून प्लॅटफॉर्मच्या टोकाला बघत होते. तिथे कुणाचं तरी धोतर कठड्यावर वाळत फडफडत होतं. "पश्चिमेचा आहे," समाधानानं म्हणाले. "बरोबरच निघालो." मग गाडी हलता हलता म्हणाले, "तुझ्या घरावरचं ते कापड फिकं पडलंय. लांबून दिसत नाही. नवं लाव."

मी हो हो म्हणालो. नवं कापड लावलं नाही. कशाला लावायचं?

तिसऱ्या दिवशी मायच्या बिबडीवर तीळ पडले. गोणपाट जागच्या जागी होते. मी ते ताणले. दुहेरी केले. गोणपाटाची वीण सैल झाली असा निष्कर्ष काढून नवी पोती आणली. तीळ वाढतच गेले आणि माय रात्री पुन्हा उशीला टेकून बसायला लागली. शेवटी, कोळसा बदलला का, हे विचारायला बॉयलरवर गेलो. नवा माणूस विडी ओढत बसला होता. कोळसा तोच होता. चिमणीतून म्हशीसारखा काळा धूर निघत होता. मी गोणपाटांविषयी काहीतरी बोलायला लागलो आणि सुमनबाईनं घमेलं दाणकन खाली ठेवलं.

"येडा शे का रे भाऊ? गोणपाटवरी कोठे धूर आडस का?"

मग तिनं सांगितलं, आणि मी उभ्या उभ्या ऐकलं. भट्टीत एकदम वीस बेलचे कोळसा भरला की आग गुदमरते आणि काळं ओकते. पण भरणारा वीस मिनिटं बसू शकतो. दोन दोन बेलचे, पातळ पसरून, दर दोन मिनिटांनी टाकले, तर धूर जेमतेम दिसतो. पण मग बसता येत नाही. आप्पा कोळशाच्या ढिगावरून आमच्या पत्र्यावरचं राणी कापड बघत. ते कापड मिलकडे पाठ करून ताठ उभं असलं, म्हणजे वारा धूर घेऊन आमच्याकडेच निघालेला असे. कापड तसं असेपर्यंत आप्पा उभे. कापड वळलं, पडलं, की बसायचे. "तुनी मायना करता," सुमनबाई म्हणाली. "आनि तू त्यासले गोणपाट शिकाडे."

मी वही उघडली. हिवाळ्यातल्या पानांवर कोळसा घातल्याच्या वेळा वीस-वीस मिनिटांनी, ऐसपैस. पूर्वेकडचा बाण सुरू झाला की वेळांना रकाना पुरत नव्हता. अक्षर बारीक होत होत समासातल्या बाणाला येऊन भिडत होतं. चार वर्षं. ज्वलन अपुरं राहिलं की धूर काळा होतो, हे मी अकरावीत शिकलो होतो. त्या खोलीत रोज जाऊन बसत होतो. वरून म्हणत होतो, माणूस चंचल झाला.

नव्या माणसाला विनंती केली. तो वाईट नव्हता. "भैया, मैं आदमी हूँ," एवढंच म्हणाला. त्यात खोटं काय होतं? मग एका दुपारी मीच बेलचा घेतला. दोन टाकायचे, पसरायचे, दार लावायचं, पुन्हा. पाऊण तासानं सुमनबाईनं मला दंडाला धरून डब्यावर बसवलं आणि पाणी दिलं. तळहातांना फोड आले होते. चिमणीकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

त्या कार्तिकात आप्पांचं कार्ड आलं. कोपऱ्यात डावीकडे, म्हणजे पश्चिमेला, जाणारा बाण. खाली लिहिलं होतं: 'वारा आज इकडून सुटला. तुमच्याकडे निघाला आहे. मायला दार उघडं ठेवायला सांगणे. यात धूर नाही, नुसती हवा आहे.' मी मायला वाचून दाखवलं. तिनं उठून पूर्वेचं दार उघडलं आणि उंबऱ्यात बसली. शिंदखेड्यापासून इथवर अंतर किती, मधे डोंगर किती, आणि तिथली हवा इथे तशीच पोचणं कसं शक्य नाही, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते गिळलं. उत्तराला मीही एक कार्ड लिहायला घेतलं. 'आप्पा, गोणपाट काढले,' एवढं लिहिलं आणि त्यापुढे सुचेना, म्हणून तेवढंच टाकलं.

प्लॉट विकला. घेणाऱ्याला म्हटलं, होळीपर्यंत थांबा, वारा वळला की येऊन उभे राहा. त्याला वाटलं, मला भाव वाढवून हवा आहे. त्यानं त्याच आठवड्यात सही केली. आम्ही लिंबायतला परत आलो. तीच गल्ली, दुसरी खोली, खाली माग, वर माग. लव होती, पण काजळी नव्हती. त्यातल्या त्यात.

पुढच्या कार्तिकात पुन्हा कार्ड आलं. अक्षर वेगळं होतं, आप्पांच्या थोरल्या मुलीचं. आप्पा आखाजीनंतर पंधरा दिवसांनी गेले, असं तिनं लिहिलं होतं. शेवटी होतं: 'वारा फिरला की तुम्हाला कार्ड टाकायचं आणि बाण काढायचा, असं सांगून ठेवलं होतं. म्हणून काढला आहे. मला त्यातलं कळत नाही.'

बाण चुकला होता. सरळ वर, तिकिटाकडे तोंड करून उभा होता. मायनं विचारलं, "कोणाकडला वारा शे?" मी कार्ड हातात डावीकडे आडवं फिरवलं. बाण बरोबर झाला.

"गावाकडला," मी म्हणालो, आणि उठून दार उघडलं.